चर्चमध्ये काम करणाऱ्या माणसांचा विमा: पॅरिश कमिटीने काय काय बघायचं

वसईपासून कोर्लईपर्यंत आणि खाली मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीपर्यंत कुठल्याही चर्चच्या ऑफिसात जा, कपाटात बिल्डिंगच्या फायर पॉलिसीची फाईल सापडते, कधी चोरीची पण असते, सणाच्या मंडपाची वेगळी काढलेली असते. पण पहाटे घंटा देणारा, वेदी लावणारा, वॉचमन, माळी, फादरांच्या घरी जेवण करणाऱ्या मावशी, ऑफिसातली मुलगी, बालवाडीच्या टीचर, दफनभूमीत खड्डा खणणारा, ह्यांच्यापैकी कोणाला काम करताना काही झालं किंवा कोणी उद्या चर्चवर केस टाकली तर पैसे कुठून आणणार असं विचारलं की मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं बघू, वर्गणी काढू. मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या धर्मग्रामाच्या, फायनान्स कमिटीत विम्याचं काम बघतो, आजूबाजूच्या चर्चमधले लोक पण विचारायला येतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

सगळं घोडं पेंड खातं ते इथे: दोन वेगळे विमे आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला, काम करताना माणसाला दुखापत झाली, तो गेला किंवा कायमचा अपंग झाला तर मालक म्हणून चर्चला जी भरपाई द्यावी लागते त्याचा, ह्याला एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी म्हणतात, जुने एजंट अजून वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनच म्हणतात. दुसरा, माणसाला शरीराने काही झालेलं नाही पण तो म्हणतो माझ्यावर अन्याय झाला, मला चुकीचं काढलं, बढती डावलली, छळ झाला, लैंगिक त्रास झाला, बदनामी केली, तर त्या केसचा वकिलाचा खर्च आणि भरपाई देणारा, तो एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस लायबिलिटी, सगळे ईपीएल म्हणतात. पहिल्या पॉलिसीत दुसऱ्याचा एक रुपया मिळत नाही आणि दुसऱ्या पॉलिसीत शारीरिक दुखापत सरळ वगळलेली असते. एजंट म्हणाला "सर, सगळं कव्हर आहे" तर कुठलं सगळं ते लेखी मागा.

अजून एक गैरसमज. चर्चसाठी ईपीएल असं इंटरनेटवर शोधलं की निम्मी माहिती अमेरिकेची येते. तिकडे चर्चचे खास पॅकेज विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये होझाना-टेबर केसमध्ये आणि परत २०२० मध्ये कॅथलिक शाळांच्या टीचरच्या केसमध्ये असं ठरवलं की धर्मसेवेचं काम करणाऱ्या माणसाला नेमणं-काढणं हा चर्चचा स्वतःचा प्रश्न आहे, भेदभावाच्या कायद्याखाली कोर्ट त्यात पडणार नाही. हे वाचून आपल्याकडचे काही जण बिनधास्त होतात. तो तिकडचा कायदा, इथे त्याचा आधार घेता येत नाही. आपल्याकडे १९७८ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमध्ये निव्वळ आध्यात्मिक काम म्हणजे उद्योग नाही, म्हणजे औद्योगिक वादाचा कायदा त्याला लागत नाही, असं म्हटलं, पण शाळा, हॉस्पिटल अशी कामं उद्योगात धरली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत मुख्यतः धर्मादाय काम करणाऱ्या संघटना ज्या संस्था चालवतात त्या उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्यात. म्हणजे सुटलो असं नाही हं. अपघाताची भरपाई, लैंगिक छळाचा कायदा, खाजगी शाळांचा कायदा हे सगळे वेगळे उभे आहेत आणि चर्चला ह्यांच्याच नोटिसा येतात.

आधी माणसं मोजा

एजंटला फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि चर्चच्या पैशातून ज्याला ज्याला काही मिळतं त्याचं नाव लिहा. पगार, मानधन, रोजंदारी, "खुशीने देतो ते", सगळं. नावासमोर खरं वय, महिन्याला किती मिळतं, जेवण किंवा राहायला खोली मिळते का, आणि नेमकं काम काय ते लिहा. नेमकं म्हणजे नुसतं "मदतनीस" नको. कारण जो माणूस कागदावर ऑफिस बॉय असतो तोच मे महिन्यात कौलं चाळायला छपरावर चढतो, तोच ख्रिसमसला घंटाघरावर तारा बांधतो आणि तोच पावसात तुंबलेली पन्हळ साफ करतो. पॉलिसीत सगळ्यांना क्लार्क दाखवलं की प्रीमियम कमी बसतो हे खरं, पण छपरावरून पडलेल्या क्लार्कचा क्लेम आला की सर्व्हेयर पहिला प्रश्न तोच विचारणार.

ही यादी करताना जी माणसं "आपली नाहीत" असं वाटतं ती पण लिहा. नारळ पाडायला येणारा पाडेली घ्या. चर्चच्या आवारात माड असतात, दोन-तीन महिन्यांनी तो येतो, माडामागे पैसे घेतो, मस्टरवर त्याचं नाव कधीच नसतं, आणि सगळ्यात जीवघेणं काम त्याचंच आहे, त्यात पावसाळ्यात शेवाळ धरलेलं खोड. पूर्वी अपघाताच्या भरपाईच्या कायद्यात अधूनमधून कामाला येणारी काही माणसं बाहेर ठेवलेली होती, २००० सालच्या दुरुस्तीने तो भाग काढून टाकला, त्यामुळे "तो रोजंदारीवरचा" एवढ्या एका कारणाने तो कायद्याबाहेर जात नाही. काही पॅरिशमध्ये त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात की पडलो तर चर्च जबाबदार नाही. तो कागद फाडून टाका, भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दच असतो. मला तर तो कागद बघितला की वाईट वाटतं, ज्या माणसाला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेऊन आपण त्याच्या बायकापोरांचा हक्क लिहून घेतोय आणि तेही देवळाच्या दारात.

रंगकाम, मंडप, लायटिंग ठेकेदाराकडून करून घेत असाल तर काम सुरू व्हायच्या आधी त्याच्या पॉलिसीची कॉपी मागा आणि तारीख तपासा. त्याच्याकडे नसेल तर आपल्या पॉलिसीत ठेकेदाराच्या कामगारांचं कव्हर जादा पैसे भरून जोडता येतं. सणाला फुकट राबणारी युथची पोरं, कोयर म्हणजे गाणारी मंडळी, मिरवणुकीतले स्वयंसेवक हे नोकर नव्हेत, ते ह्या पॉलिसीत येत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट घ्या, आणि बाहेरच्या माणसाला मंडपात इजा झाली तर पब्लिक लायबिलिटी.

शाळा किंवा हॉस्पिटल ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर तिथल्या ईएसआयवाल्या माणसांची अपघाताची भरपाई तिकडून होते, त्यांना परत मोजू नका.

अपघाताची पॉलिसी

रक्कम किती असू शकते ते आधी बघा म्हणजे वर्गणीने का भागत नाही ते कळेल. हा हिशोब १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यातला, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण पद्धत तीच आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्त असला तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. वय ४० असेल तर आकडा १८४.१७. म्हणजे १२,००० पगाराचा चाळिशीतला वॉचमन गेला तर ६,००० गुणिले १८४.१७, झाले ११,०५,०२०. तोच कायमचा पूर्ण अपंग झाला तर अर्ध्याऐवजी ६० टक्के धरतात, ते १३,२६,०२४ होतात. शिवाय दवाखान्याचा खर्च वेगळा. लहान गावातल्या चर्चच्या वर्षभराच्या दानपेटीत एवढे पैसे जमत नाहीत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि कामावर येताना-जाताना? पहाटेच्या मिस्साआधी (उपासनेआधी) घंटा द्यायला अंधारात सायकलवरून येणाऱ्या माणसाला रस्त्यात ट्रकने उडवलं तर? नवीन संहितेत घर ते कामाची जागा हा प्रवास, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, धरलेला आहे. आणि जुन्या कायद्याखालच्या एका केसमध्ये, आपल्याच महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचा वॉचमन ड्युटीला जाताना गेला होता, त्यात पण सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे पॉलिसी घेताना हे विचाराच.

पॉलिसीचा कागद हातात आला की काय बघायचं ते सांगतो. विमा कोणाच्या नावाने आहे ते पहिलं, कारण तिथेच जास्त घोळ असतो. फादरांच्या किंवा पाळकांच्या वैयक्तिक नावाने नको, धर्मादाय आयुक्तांकडे जो ट्रस्ट नोंदलेला आहे त्याचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, आणि शाळेचा ट्रस्ट वेगळा असेल तर त्याचं नाव वेगळं. कॅथलिक पॅरिश असेल तर डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) ऑफिसात आधी विचारा की सगळ्या पॅरिशसाठी एकत्र पॉलिसी आहे का, उगाच दोनदा पैसे जायला नकोत. भाड्याच्या हॉलमध्ये उपासना भरवणारी स्वतंत्र मंडळी ट्रस्ट न करताच माणसं नेमतात, त्यांनी आधी नोंदणी करून घ्यावी. मग बघा की फक्त कायद्याची भरपाई कव्हर आहे की १८५५ चा फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्ट आणि कॉमन लॉखालची, म्हणजे मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल कोर्टात दाव्याने येते ती, जबाबदारी पण आहे, चर्चमधलं एखादं काम कायद्याच्या यादीत बसतं की नाही यावर वाद झाला तर हा भाग कामी येतो. दवाखान्याच्या खर्चाला बऱ्याच पॉलिसीत माणशी मर्यादा असते, ती वाढवून घ्या, छपरावरून पडलेल्या माणसाचं ऑपरेशन पंचवीस-तीस हजारात होत नाही.

प्रीमियम एकूण पगाराच्या टक्क्यात बसतो, कामाच्या धोक्याप्रमाणे टक्का बदलतो, वर १८ टक्के जीएसटी. पगार कमी दाखवू नका. चारही सरकारी कंपन्या, न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड, ही पॉलिसी देतात, खाजगी कंपन्या पण देतात, त्यामुळे एकाच एजंटच्या कोटेशनवर थांबू नका.

ईपीएल कोणी घ्यायची

माझं स्पष्ट मत, ज्या चर्चमध्ये पाच-सहा माणसं कामाला आहेत आणि शाळा नाही, त्यांनी आधी वरची अपघाताची पॉलिसी आणि माणसांची कागदपत्रं नीट करावी, ईपीएल नंतर. पण ज्या ट्रस्टखाली शाळा, हॉस्टेल, दवाखाना, वृद्धाश्रम चालतो त्यांनी ईपीएल टाळू नये. एकट्या शाळेचं बघा, महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे, काढून टाकलेला टीचर ३० दिवसांत स्कूल ट्रिब्युनलमध्ये अपील करू शकतो, मग ते वर्षानुवर्षं चालतं, वकिलाची फी प्रत्येक तारखेला.

आपल्याकडे ही पॉलिसी बहुतेक वेळा सुटी मिळत नाही, संचालक-विश्वस्तांच्या लायबिलिटी पॉलिसीला, म्हणजे डी अँड ओला जोडून येते. साध्या एजंटला हे माहीत नसेल तर परवानाधारक ब्रोकर गाठा. आणि त्याला हे विचारा: विमा कोणाकोणाला लागू, नुसता ट्रस्ट की विश्वस्त, पॅरिश प्रिस्ट, प्रिन्सिपल, कमिटीचे मेंबर, स्वयंसेवक सुद्धा? वकिलाचा खर्च एकूण मर्यादेतूनच जातो की वेगळा? आपल्या खिशातून पहिले किती भरायचे? वकील आपण निवडायचा की कंपनी? पालक किंवा पेशंटने कर्मचाऱ्याविरुद्ध छळाची तक्रार केली तर ती धरतात का?

ईपीएल क्लेम्स-मेड असते, हे नीट समजून घ्या. घटना कधी घडली त्यापेक्षा क्लेम कधी आला याला महत्त्व, पॉलिसी चालू असताना क्लेम आला पाहिजे आणि त्याच काळात कंपनीला कळवला पाहिजे. मागच्या घटनांसाठी एक तारीख ठरलेली असते, त्या आधीचं काही धरत नाहीत, म्हणून कंपनी बदलताना ही जुनी तारीख तशीच चालू ठेवायला सांगा. एक वर्ष खंड पडला की मागचं सगळं उघडं पडतं. प्रपोजल फॉर्मवर विचारतात की क्लेम होऊ शकेल अशी कुठली गोष्ट माहीत आहे का, तिथे खरं लिहा, गेल्या वर्षी नाराज होऊन गेलेली टीचर वकिलाकडे गेलीय हे अख्ख्या गावाला माहीत आणि आपण "नाही" लिहिलं तर पुढे क्लेम उडतो.

थकलेला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, सरकारी दंड हे ईपीएल देत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं झाली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, त्याची तरतूद वेगळी करा.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल थोडं थांबून लिहितो. २०१३ चा कायदा ट्रस्टला लागू आहे, घराला पण लागू आहे, म्हणजे फादरांच्या किंवा पाळकांच्या घरी काम करणाऱ्या बाईला पण तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरची, नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, कारण असेल तर अजून तीन वाढतात. ज्याने कृत्य केलं ते सिद्ध झालं तर विमा त्याला वाचवत नाही आणि वाचवू पण नये. "चर्चची बदनामी होईल" म्हणून त्या बाईला गप्प बसवलं तर तिच्यावर दुसरा अन्याय होतो, आणि नंतर कोर्टात ट्रस्टच्या विरोधात पहिला मुद्दा तोच येतो. लहान मुलाचा विषय असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, तिथे कमिटीची मीटिंग बोलावत बसायचं नाही.

कागद कोणते लागतात? प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर मराठीत, त्याला कळेल असं, काम, पगार, सुट्टी, किती दिवसांची नोटीस. पगार बँकेतून, मानधन असलं तरी. मस्टर. आणि कोणाच्या कामाबद्दल तक्रार असेल तर तेव्हाच बोलावून सांगणं, त्याचं म्हणणं लिहून घेणं. पाच वर्षं गोड बोलून सहाव्या वर्षी मिस्सा संपल्यावर पटांगणात "उद्यापासून येऊ नको" सांगायचं ही पद्धत बंद झाली पाहिजे, अशा केसमध्ये चर्चच्या वकिलाच्या हातात एक कागद नसतो.

घटना घडली त्या दिवशी

अपघात झाला तर माणूस दवाखान्यात, फोटो, मस्टरची कॉपी, बघणाऱ्यांची नावं, आणि कंपनीला त्याच दिवशी मेल, नुसता एजंटला फोन नको. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला रिपोर्ट जातो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. माणूस गेला की पॅरिश लगेच दोन-तीन लाख गोळा करून विधवेच्या हातात देते, चांगलंच आहे, जरूर द्या, पण कायद्याची मृत्यूची भरपाई परस्पर घरच्यांना देता येत नाही, ती कामगार भरपाई आयुक्तांकडे म्हणजे आता सक्षम अधिकाऱ्याकडे भरावी लागते आणि तिथून वारसांना वाटप होतं. हातात दिलेल्यापैकी तीन महिन्यांच्या पगाराएवढीच उचल हिशोबात धरतात. एक महिन्यात भरलं नाही तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो, तो दंड बहुतेक पॉलिसी देत नाहीत. त्यामुळे वर्गणी ही वर्गणी म्हणून द्या आणि भरपाईचा अर्ज वेगळा चालवा.

वकिलाची नोटीस आली, पोस्टाने येवो की व्हॉट्सअॅपवर, ईपीएल कंपनीला लगेच पाठवा. त्यांना न विचारता पैशांचं आश्वासन देऊ नका, काही लिहून देऊ नका. माणसाला भेटायला, त्याच्या घरची विचारपूस करायला कोणी अडवत नाही, ते करा. क्लेम अडकवला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या, मग आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, हिच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ नंबरवर.

रिन्यूअलचं मात्र विसरू नका. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, "चेक उद्या देतो" चालत नाही. आणि नेमक्या बदलीच्या दिवसांत जुने फादर गेलेले, नवीन फादरांना फाईल कुठे ते माहीत नाही, खजिनदार मुलीकडे दुबईला, अशा वेळी तारीख निघून जाते. म्हणून तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, तिघांच्या मोबाईलमध्ये महिनाभर आधीचा रिमाइंडर लावा, आणि फादर बदलताना चाव्या, बँकेचं पासबुक देतो त्याच यादीत दोन्ही पॉलिसींचे नंबर आणि तारखा लिहून नवीन फादरांची सही घ्या.